एकवीस अंकी स्थळ

नवी गाडी घेताना मराठी माणूस आधी मायलेज विचारतो, मग रंग, मग जुन्या गाडीचे किती धराल ते, आणि सगळं ठरल्यावर आवाज खाली आणून विचारतो, "नंबर काय मिळेल हो?" नंबर मिळाला की गाडीकडे न बघता चार आकड्यांची बेरीज करतो. नऊ आली तर पेढे. आठ आली तर शनी, म्हणजे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मागून ठोकणार. चार आली तर राहू, आणि राहूची गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकही आधी बेरीज करतं आणि मग भाव पाडतं. आरटीओत जादा पैसे भरून पसंतीचा नंबर घेता येतो, आणि लोक घेतात. हेल्मेटचे पैसे मात्र जिवावर येतात.

गणिताचे प्राध्यापक या प्रकाराला हसतात. हसून झालं की खोलीचं दार लावून घेतात आणि नेमकं तेच करतात. संख्या घ्यायची, तिच्या अंकांची बेरीज करायची, तिला कशाने भाग जातो ते बघायचं, उलटी वाचायची, आणि शेवटी तिच्या स्वभावाविषयी मत द्यायचं. आपला ज्योतिषी या कामाचे पाचशे रुपये घेतो, प्राध्यापकाला त्यावर निबंध छापून मिळतो. फरक म्हणायचा तर एवढाच की प्राध्यापकाचं मत तपासून बघता येतं, आणि कधीकधी तपासायला अडीचशे वर्षं लागतात.

या अडीचशे वर्षांची नायिका म्हणजे ही संख्या: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मोजून घ्या, एकवीस अंक आहेत. वाचायला जाल तर पंचाईत आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत करत अठराव्या स्थानी परार्धापाशी मुक्काम केला, पुढच्या घरांना नावं दिली नाहीत. त्यामुळे हिला १४७५ परार्ध, ७ मध्य, ३ अंत्य, ९ जलधी, ५ शंकू, २ महापद्म असं म्हणत म्हणत खाली यावं लागतं आणि कोटीपर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. सोपं नाव म्हणजे दोनाचा ६७ वा घात वजा एक. सदुसष्ट वेळा दोन लिहा, सगळ्यांचा गुणाकार करा, आणि शेवटी एक काढून घ्या. एवढ्या मोठ्या पंक्तीतून एक पान उचललं तर काय बिघडतं, असं वाटेल. त्या एकावरच सगळं रामायण आहे.

आता संख्यासिद्धांतात हिचा बायोडाटा कसा भरला जातो ते पाहा. विवाह मंडळाच्या फॉर्मात वर्ण, उंची, गोत्र, मंगळ असे रकाने असतात. इथेही रकाने आहेत, आणि ते भरणाऱ्यांना दयामाया नाही.

पहिला रकाना, प्रकृती. संख्येचे स्वतःला सोडून जेवढे विभाजक असतील त्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६, त्यामुळे सहाचा थाट काही वेगळाच. जास्त आली तर विपुल. कमी आली तर न्यून. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गेरासाच्या निकोमाकसने या न्यून संख्यांबद्दल लिहिताना एक डोळा नसलेल्या, एक हात नसलेल्या प्राण्यांची उपमा दिली होती. आमच्या नायिकेचे विभाजक कोण, हा तर पुढचा सगळा तमाशा आहे. तूर्त एवढंच सांगतो की त्यांची बेरीज तिच्या १९ कोटीव्या हिश्शाच्याही आसपासच येते. न्यून म्हणजे किती न्यून! रुपये १९ कोटींचं घर आणि आत सामान एक रुपयाचं.

दुसरा रकाना, स्वभाव. संख्या द्विमान पद्धतीत लिहायची, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, आणि एक किती आले ते मोजायचे. सम आले तर संख्या 'दुष्ट', विषम आले तर 'तिरस्करणीय'. हे मी रागाने म्हणत नाही. जॉन कॉनवे आणि त्यांच्या दोन मित्रांनी खेळांच्या गणितावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात इंग्रजी सम-विषमच्या उच्चारांवर कोटी करून ही नावं ठेवली. कोटी त्यांची झाली, पण डाग जगातल्या एकूण एक संख्येला लागला. म्हणजे या मंडळींच्या लेखी प्रत्येक संख्या दुष्ट तरी असते किंवा तिरस्करणीय तरी. तिसरा पर्यायच नाही. चाळीच्या मीटिंगनंतर सगळ्या भाडेकरूंचं एकमेकांविषयी साधारण हेच मत असतं, पण ते कुणी छापत नाही. आमची संख्या द्विमान पद्धतीत सदुसष्ट एक ओळीने मांडल्यासारखी दिसते. देखणी, उलटी वाचा सुलटी वाचा, तीच. पण सदुसष्ट विषम. तिरस्करणीय.

तिसरा रकाना, सुख. प्रत्येक अंकाचा वर्ग करा, बेरीज करा, जे येईल त्याच्या अंकांचे पुन्हा वर्ग करा, पुन्हा बेरीज करा, आणि करत राहा. शेवटी १ आला तर संख्या आनंदी. आमच्या नायिकेच्या एकवीस अंकांच्या वर्गांची बेरीज ७०५. तिथून ७४, मग ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, आणि पुन्हा ३७. आता हा फेरा सुटत नाही. दुःखी.

न्यून, तिरस्करणीय, दुःखी. अशा फॉर्मवर कोणत्या मंडळाने शिक्का मारला असता सांगा. त्यातल्या त्यात मायेचं माणूस म्हणून मी आमच्या देवळालीच्या कापरेकर सरांकडे वळलो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर, ६१७४ या संख्येने जगभर गाजलेले. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून माणसाच्या मनात जे विचार येतात ते छापण्यासारखे नसतात. कापरेकरांना तिथे संख्यांचा एक नवा प्रकार सुचला आणि त्यांनी त्याला त्या स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो संख्या' म्हटलं. अशा सज्जन माणसाने दुष्ट वगैरे नावं ठेवणं शक्यच नव्हतं. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. नायिकेच्या अंकांची बेरीज १०९. भाग लावून पाहिला. जात नाही. सरांच्याही दारातून परत.

एक शेवटचा वशिला राहिला होता. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले अल्बर्ट विलान्स्की यांनी १९८२ मध्ये आपल्या मेव्हण्याच्या फोन नंबराकडे बघत बसण्याचा उद्योग केला. मेव्हण्याचा नंबर स्क्रीनवर दिसला की आपण फोन पालथा ठेवतो, विलान्स्कींनी त्या नंबराचे मूळ अवयव पाडले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नंबराच्या अंकांची बेरीज आणि त्याच्या सगळ्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखीच येते. झालं, मेव्हण्याच्या आडनावाने 'स्मिथ संख्या' रूढ झाल्या. मेव्हण्याने गणितासाठी काय केलं म्हणाल, तर फोन जोडून घेतला. इतक्या अल्प भांडवलावर अमर होता येत असेल तर आमच्या नायिकेलाही आशा होती. अंकांची बेरीज १०९. अवयवांच्या अंकांची बेरीज १०१. आठ कमी पडले. आठ! शनी म्हणतात तो हाच.

एवढे नकार पचवलेली ही संख्या प्रसिद्ध कशी झाली, तर खोट्या दाखल्यामुळे.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन नावाचा साधू होता. युरोपातल्या झाडून सगळ्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार. देकार्तचं म्हणणं फर्माला कळव, फर्माची शंका तिसऱ्याला कळव, गॅलिलिओचं नवं काय चाललंय ते सगळ्यांना कळव. शास्त्रीय नियतकालिकं तेव्हा नव्हती, मेर्सेन होता. प्रत्येक समाजात असा एक मध्यस्थ असतो, ज्याच्या डायरीत सगळ्या घरांची माहिती असते आणि ज्याचं स्वतःचं घर नसतं. मेर्सेनला दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांचा नाद होता. त्यातल्या मूळ कोणत्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही अशा कोणत्या, याची यादी त्याने १६४४ मध्ये छापून टाकली. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७; २५७ पर्यंत एवढेच, बाकी कुणी नाही.

ज्या ठामपणे त्याने ही यादी दिली त्याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. कारण त्याच माणसाने हेही लिहून ठेवलं होतं की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळ खर्ची घातला तरी पुरणार नाही. आमची संख्या एकवीस अंकी! म्हणजे मुलगी सुस्वभावी आहे, मी सांगतो, आणि चौकशीला जाऊ नका, रस्ता फार खराब आहे. मध्यस्थाचा शब्द कोण मोडणार? घातांक ६७ ची कन्या पुढे सव्वादोनशेहून अधिक वर्षं मूळ म्हणून चारचौघांत वावरली. तिच्या भरवशावर आणखी एक घर उभं होतं. अशी संख्या मूळ असेल तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या कशी बनते याची कृती युक्लिडने देऊन ठेवलेली आहे; त्या कृतीने या नात्यातून एक ४१ अंकी परिपूर्ण संख्या निघत होती. न्यून पोरीच्या पोटी परिपूर्ण नातवंड, अशी ही आस.

बोभाटा केला तो एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने, १८७६ मध्ये. ल्यूकाने या घराण्यासाठी एक परीक्षा काढली होती. संख्येला कशाने भाग जातो हे न शोधताच ती मूळ आहे की नाही तेवढं तिच्यातून कळायचं. तिची सुधारलेली आवृत्ती आजही वापरात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली आजवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी, तीसुद्धा अखेर याच परीक्षेला बसली. तर ल्यूकाने परीक्षा घेतली आणि निकाल दिला, घातांक ६७ ची संख्या मूळ नाही.

बरं, मग हिचे अवयव कोणते? ते ल्यूकाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मुलगी त्या घराण्यातली नाही एवढं पक्कं, तिचे खरे आईबाप कोण ते विचारू नका. पुढची सत्तावीस वर्षं प्रकरण या नाजूक अवस्थेत राहिलं. कुजबुजीला याहून पोषक हवामान नाही.

ल्यूकाविषयी थोडं विषयांतर करतो, कारण माणूस मोठा रंगेल होता. १८८३ मध्ये त्याने 'हनोईचा मनोरा' नावाचं खेळणं बाजारात आणलं, तेही स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेल्या टोपणनावाने. तीन दांडे, एका दांड्यावर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, आणि सगळा डोलारा दुसऱ्या दांड्यावर न्यायचा. मुलांच्या दुकानात मिळतं ते हेच. खेळण्याबरोबर एक कथाही जोडलेली होती की काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्यांचा असा मनोरा आहे, पुजारी रात्रंदिवस चकत्या हलवताहेत, आणि काम संपलं की जग संपेल. आपले लोक शतकानुशतकं काशीला जाऊन गंगेचा गडू घेऊन आले, चकत्या कुणाला दिसल्या नाहीत. त्या पॅरिसमध्ये बसून दिसल्या. पण गंमत पुढे आहे. या मनोऱ्यात ६४ ऐवजी ६७ चकत्या ठेवल्या, तर तो हलवायला कमीत कमी किती खेळ्या लागतील? बरोबर आमच्या नायिकेएवढ्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सेकंदाला एक चकती हलवली तर ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय १३८० कोटींच्या घरात आहे, म्हणजे त्या पुजाऱ्यांची अजून पूर्वतयारीच चालू आहे असं धरायला हरकत नाही.

ल्यूका १८९१ मध्ये गेला, आणि कसा गेला ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. विद्वानांच्या एका परिषदेतली मेजवानी. वाढप्याच्या हातून बशी पडली, फुटली, आणि उडालेला तुकडा ल्यूकाच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत हा माणूस संपला. ज्याला एका संख्येचे दोन तुकडे मिळाले नाहीत त्याला बशीच्या तुकड्याने गाठलं. घरात, संसारात, पंक्तीत वस्तू तोडायला काही लागत नाही, हात सुटला की झालं. जोडायला जन्म जातो. संख्यांच्या राज्यात कारभार बरोबर उलटा आहे. तिथे जोडणं म्हणजे चौथीतला गुणाकार. आणि तोडायला बसलात तर मेर्सेनने सांगितलंच आहे, काळ पुरायचा नाही.

पण काळ पुरवणारा एक माणूस निघाला. फ्रँक नेल्सन कोल, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांचं व्याख्यान होतं, विषय मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे.

आपल्याकडचं व्याख्यान कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. साडेपाचची वेळ छापलेली, सव्वासहाला माइकमध्ये फुंकर. दीपप्रज्वलनाला काडी विझते, मेणबत्ती विझते, मग पंखे बंद. स्वागतगीत. पाहुण्यांचा परिचय, ज्यात पाहुण्यांच्या पुस्तकांची नावं चुकतात. शाल, श्रीफळ, आणि श्रीफळ कुठे ठेवायचं या विवंचनेतले पाहुणे. "मी फार वेळ घेणार नाही," असं म्हणून प्रास्ताविक करणारा पाऊण तास घेतो. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या दोन रांगा शेवटच्या बसची चौकशी करत असतात. वक्ता "प्रास्ताविकातच सगळं आलेलं आहे" म्हणून सुरुवात करतो आणि ते सगळं पुन्हा सांगतो. आभार प्रदर्शनात ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव राहतं, म्हणून आभार मानणारा परत माइककडे येतो.

कोलसाहेब फळ्याकडे गेले. खडू घेतला. दोनाचा ६७ वा घात काढायला सुरुवात केली, एक शब्द न बोलता. घात निघाला, त्यातून एक वजा केला, एकवीस अंक फळ्यावर उभे राहिले. मग फळ्याच्या कोऱ्या भागाकडे सरकले आणि दोन संख्या मांडल्या, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे १९ कोटी ३७ लाख ७ हजार ७२१ गुणिले ७६ हजार १८३ कोटी ८२ लाख ५७ हजार २८७. आणि शाळेत करतात तसा, ओळीखाली ओळ सरकवत, हातचा धरत, सगळा गुणाकार केला. लहान संख्येत एक शून्य आहे आणि सात तीनदा आलाय, त्यामुळे तेवढीच मेहनत वाचली असेल. बेरीज मारली. उत्तर तेच एकवीस अंक. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले. सभागृहाने उठून टाळ्या वाजवल्या. कुणी प्रश्न विचारला नाही. काय विचारणार? "हातचे दोन कुठे गेले?"

ही हकीकत गणिताचा इतिहास रंगवून लिहिणाऱ्या एरिक टेंपल बेल यांनी सांगितलेली आहे, आणि बेल यांचा हात मिठामसाल्याच्या बाबतीत सढळ होता हे जाणकार कबूल करतात. असेना. फोडणी बेलची असली तरी गुणाकार कोलचा आहे आणि तो बरोबर येतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर तुमचाही येईल, घरातले तुम्हाला बसू देतील तर.

त्याच बेल यांनी कोलना पुढे विचारलं की हे अवयव शोधायला किती दिवस लागले. कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

मी या उत्तरापाशी अडकून पडतो. तीन वर्षांचे रविवार म्हणजे दीडशेच्या वर. एका मराठी घरात सलग दीडशे रविवार एका माणसाला टेबलापाशी बसता येईल का, एवढाच प्रश्न मला पडतो, संख्यासिद्धांत नंतर. पहिल्या रविवारी चहा मिळेल. दुसऱ्या रविवारी "एवढं काय लिहिताय?" तिसऱ्या रविवारी पंखे पुसायचे निघतील. चौथ्या रविवारी आत्याच्या नणंदेच्या मुलाचा साखरपुडा, आणि "तुम्ही नाही आलात तर बरं दिसणार नाही." मग टाकी धुणं, माळा आवरणं, गॅसची नळी बदलणं, मटणाच्या दुकानापुढची रांग, मुलाचा स्कॉलरशिपचा अभ्यास. मुलाच्या अभ्यासात नेमका प्रश्न असतो, 'पुढील संख्यांचे मूळ अवयव पाडा', आणि तो बापाला न जमल्याने आईच सोडवते. कोल यांना हे सगळं चुकवायची सोय होती की नव्हती, त्यांचं काम मात्र सोपं नव्हतं. या संख्येला भाग जायचाच तर तो १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाऊ शकतो, हे आधीपासून माहीत होतं. ऐकायला बरं वाटतं. पण एकेक करून तपासायला घेतलं तर खरा अवयव चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या दारामागे बसलेला. कोलनी गणिताच्या युक्त्यांनी बहुतेक दारं न उघडताच बाद केली, तरी तीन वर्षं गेली.

आणि तो ३१ ऑक्टोबर १९०३ हा शनिवार होता. म्हणजे व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी कोलसाहेबांसमोर तीन वर्षांतला पहिला मोकळा रविवार उभा ठाकला. निवृत्त माणसाच्या पहिल्या सोमवारइतकाच भयाण असणार.

कोल हे सोसायटीचे सचिवही होते, जवळजवळ पंचवीस वर्षं. निवृत्तीच्या वेळी त्यांना थैली अर्पण करण्यात आली. इथपर्यंत सगळं आपल्यासारखं. पुढे मात्र त्यांनी ती थैली तशीच सोसायटीला परत दिली आणि तिच्यातून 'कोल पारितोषिक' सुरू झालं; बीजगणित आणि संख्यासिद्धांतासाठी ते आजही दिलं जातं. आपल्याकडे थैली परत करतो म्हणून व्यासपीठावर जाहीर करणारे खूप भेटतात. पैसे पोचल्याचं कळत नाही.

आज ही संख्या फोनमध्ये टाकली तर अवयव डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर होतात. तरी कोलचे रविवार वाया गेले असं समजू नका. १९७७ मध्ये तिघांनी नेमकी ही गोम पकडून गुप्त संदेशाची पद्धत काढली: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून तो चव्हाट्यावर मांडा, अवयव खिशात ठेवा. आता त्यात सहाशे सतरा अंकी गुणाकार सर्रास वापरतात. तुमच्या-माझ्या खात्यातल्या शिल्लक रकमेला एवढ्या अंकांचं कुलूप पाहिलं की संकोच वाटतो.

राहता राहिले नायिकेचे आईबाप. सापडलेच आहेत तर त्यांचेही फॉर्म भरून पाहिले. दोघेही मूळ, म्हणजे दोघेही न्यून, तिथे इलाज नाही. सुखाच्या रकान्यात लहानगा ८९ ला जाऊन अडकतो, मोठा ३७ ला, फेरा एकच. दोघेही दुःखी. द्विमान पद्धतीत लहानग्यात एक येतात सतरा, म्हणून तिरस्करणीय. मोठ्यात येतात सोळा. दुष्ट! लेकीने गुण कुणाचे उचलले ते यावरून कळतं.

आणि आता मेर्सेनच्या बाजूने एक साक्ष. त्याच्या यादीत चुका एकूण पाच निघाल्या: ६७ आणि २५७ उगाच घुसलेले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले. यातली घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचं परवुशिन नावाच्या रशियन पाद्र्याने १८८३ मध्ये सिद्ध केलं. साधूची चूक काढायला पाद्रीच लागला. त्यावर मेर्सेनच्या चाहत्यांनी बाजू मांडली की महाराजांना ६१ च म्हणायचं होतं, छापताना ६७ झालं. म्हणजे हा सगळा मुद्राराक्षसाचा विनोद! एकाच्या जागी साताचा खिळा लागला, आणि त्यापायी ल्यूकाची परीक्षा, कोलचे दीडशे रविवार आणि तो खडू. दिवाळी अंकात आपल्या कवितेत 'प्रिया'चं 'क्रिया' झालेलं बघून ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना हे सहज पटेल. मूळ हस्तलिखित समोर नसताना मुद्रितशोधकावर ढकलणं हा मराठी लेखकाचाही जुना आणि सोयीचा धंदा आहे. पण उरलेल्या ८९ आणि १०७ चं काय, हे चाहते सांगत नाहीत.

मग म्हटलं, जी खरी हक्कदार होती तिचाही फॉर्म एकदा बघावा. घातांक ६१ ची संख्या २३०५८४३००९२१३६९३९५१, एकोणीस अंकी, निखळ मूळ, दाखला सच्चा. मूळ आहे, त्यामुळे न्यून. एकसष्ट एक, विषम, त्यामुळे तिरस्करणीय. अंकांच्या वर्गांची बेरीज ४५५, तिथून ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९, आणि ८९ वरून त्याच फेऱ्यात. दुःखी. खिळा बरोबर लागला असता तरी फॉर्मवरचे शेरे खोडावे लागले नसते.